गोबरगॅसवर घरची वीज: किती युनिट मिळतात, महावितरणला विकता येतात का?

नंदुरबार : गोठ्यात चार जनावरं आहेत, मग शेणापासून वीज करून ती महावितरणला विकता येईल का, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. कायद्याने वाट आहे, पण हिशोब आधी पाहिलेला बरा.

प्रयोग जुना आहे

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावले गेले. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबरगॅस गावोगावी नेला. १९८४ पासून स्वस्त, घुमटाचं 'दीनबंधू' मॉडेल आलं. अलीकडे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं, त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. मात्र या घरगुती संयंत्रांचा मुख्य उपयोग चुलीसाठीच झाला.

चार जनावरांचा हिशोब

गोठ्यात बांधलेलं एक जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं. २५ किलो शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे चार जनावरांचा १.६ घनमीटर. छोट्या इंजिनावर १ घनमीटरपासून जेमतेम दीड युनिट वीज निघते, म्हणून महिन्याला ७० युनिटच्या आसपास. युनिटला ३ रुपये धरले तर २१० रुपये झाले, त्यातून इंजिनाचं ऑइल आणि दुरुस्ती वजा करायची.

तोच गॅस शेगडीला दिला तर महिन्याला सुमारे २० किलो एलपीजी वाचतो, म्हणजे जवळपास दीड सिलिंडर. सिलिंडर ८०० रुपयांचं धरलं तरी हजाराच्या वर बचत. शिवाय स्लरीचं खत वेगळं. त्यामुळे लहान गोठ्यासाठी गॅस जाळून वीज विकणं तोट्याचं आहे.

सातपुड्यातल्या अडचणी

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गुरं दिवसभर रानात चरतात, त्यामुळे निम्मं शेण हाती लागत नाही. शेणाएवढंच पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. तोरणमाळसारख्या थंड भागात हिवाळ्यात गॅस कमी होतो. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय खड्डा खणू नये.

विकायचीच असेल तर

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार घरगुती ग्राहकाला अपारंपरिक ऊर्जेचा संच ग्रीडला जोडता येतो. संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. अर्ज महावितरणकडे करायचा. नेट मीटर बसतो, दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते. लाइन गेली की संच आपोआप तुटला पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका. जनरेटरला त्यासाठी वेगळं पॅनल लागतं आणि छोट्या संचाला तो खर्च परवडत नाही.

गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, म्हणून तो लोखंडाच्या किसातून गाळून घ्यावा लागतो.

कोणाला परवडेल?

बायोगॅसपासून वीज करण्याची केंद्राची योजना ३ किलोवॅटपासून आणि ३० घनमीटरपासून पुढच्या संयंत्रांना होती. त्याला रोज ७५० किलो शेण, म्हणजे सुमारे ७५ जनावरं लागतात. गोशाळा, मोठा डेअरी गोठा किंवा गावाने मिळून केलेलं संयंत्र यातच ते जमू शकतं, आणि तिथेही वीज विकण्यापेक्षा स्वतःच्या मोटारी, दूध थंड करायचं यंत्र चालवणं फायद्याचं.

एकट्या घराला वीजच विकायची असेल तर छतावरचं सौर सोपं. १ किलोवॅटपासून दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत (२०२४) ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. शेण चुलीला, ऊन मीटरला, अशी वाटणी केली तर दोन्ही खर्च कमी होतात.