कोऱ्या शिंगराचे मोल

भीमा-नीरेच्या खोऱ्यात पैदास होणाऱ्या भीमथडी घोड्याला मराठी राज्य होते तोवर गिऱ्हाइकांची वानवा नव्हती. कारण शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येई, आणि बारगिराला सरकारी पागेतून घोडे मिळत असल्याने तीही खरेदी चालू राही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि हा राजाश्रय संपला.

अशा पडत्या बाजारात खरी पंचाईत होते ती कोरे शिंगरू विकणाऱ्याची. चाबुकस्वाराच्या हाताखालून गेलेल्या घोड्याची चाल प्रत्यक्ष दिसते, परंतु पाठीला खोगीर न लागलेल्या शिंगराविषयी केवळ अनुमानच करावे लागते. म्हणून गिऱ्हाईक ओठ वर सारून दुधाचे दात पडले की नाही ते पाही, मग अंगावरचे भोवरे न्याहाळी. गळ्याशी देवमण असला तर भाव चढे, आणि अशुभ भोवरा निघाला तर उत्तम बांध्याचे जनावरही मातीमोल होई. यात अश्वपरीक्षेपेक्षा घासाघिशीचाच भाग अधिक असावा, असे आमचे मत आहे. शेवटी दलाल रुमालाखाली बोटे दाबून रक्कम ठरवी. भोवतालच्या बघ्यांना आकडा कळत नसे.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो.