जुन्या पिकअपची डिझेल टाकी : रिकामी म्हणून निर्धास्त राहू नका

जुळे सोलापूर : टाकीत डिझेल असूनही काटा शून्यावर राहणे, चालत्या गाडीचे इंजिन अडखळणे, गाडीखाली डिझेलचे थेंब दिसणे ही जुन्या पिकअपच्या टाकीतील बिघाडाची लक्षणे होत. काट्याचा दोष बहुधा फ्लोटमध्ये अथवा त्याच्या वायरीत असतो. इंजिन अडखळण्यामागे टाकीच्या तळाशी साचलेला गाळ किंवा पाणी असू शकते.

टाकी सहसा हौद्याखाली, चासीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. फ्लोट टाकीच्या माथ्यावर असल्यास तो काढण्यासाठी बहुधा टाकीच उतरवावी लागते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. डिझेल झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे. नळ्यांवर खुणा करून त्या व वायरी सोडवाव्यात. मग टाकीला खालून आधार देऊन पट्टे सैल करावेत. जोडणी करताना फ्लोटचे पॅकिंग आणि तडकलेल्या रबरी नळ्या नव्याच घालाव्यात.

‘डिझेल सहजासहजी पेटत नाही’ हा समज मात्र घातक आहे. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेण्याचे तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते. वेल्डिंगची एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून गळकी टाकी घाईने वेल्डिंगला देऊ नये. पत्रा गंजला असल्यास टाकी बदलणेच श्रेयस्कर.