पोट उडणे : एका बालरोगाच्या ओळखीचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजघराणी डोळ्यांसमोर येतात. परंतु एखादा आजार ओळखावा कसा, हे मनुष्याला कधी आणि कोणत्या वाटेने उमगले, यालाही इतिहास असतो व त्याचा संबंध घरोघरीच्या पाळण्याशी असतो. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. कापडाच्या पेढीवर हयात गेलेला वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही हा विषय निवडण्यास कारण घडले ते आमच्याच घरी.

१९६६ साली माझी दहा महिन्यांची धाकटी बहीण खोकला-तापाने दोन दिवसांत गेली. "पोरीचं पोट उडतंय," असे आजी सारखी म्हणत होती. शेजारच्या जाणत्या बाईने बिब्ब्याचा चटका दिला. कोणी त्यास 'डबा' म्हटले, कोणी बाहेरची बाधा. आज वाटते, आजीच्या नजरेला दिसले ते अगदी खरे होते. त्याचा अर्थ सांगणारे मात्र आसपास कोणी नव्हते.

हा आजार म्हणजे न्यूमोनिया. जंतुसंसर्गाने फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोशांत द्रव साचतो, फुप्फुस ताठर होते व प्रत्येक श्वासागणिक मिळणारी हवा अपुरी पडू लागते. मोठा माणूस खोल श्वास घेऊन काही काळ निभावून नेतो. तान्ह्या मुलाच्या बरगड्या मऊ असल्याने त्याला श्वासांची संख्याच वाढवावी लागते. पोट भराभर हलते आणि आजार बळावला की छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागतो. आमच्या बायाबापड्यांनी 'पोट उडणे' हा शब्द योजला तो नेमक्या निरीक्षणातून.

शास्त्रीय वैद्यकाने मात्र दीर्घकाळ कानावर भर दिला. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ध्वनी ऐकले व त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि फुप्फुसातील डाग डोळ्यांना दिसू लागले. दोन्ही शोध थोर खरे. पण रडणाऱ्या मुलाच्या छातीतील बारीक करकर ऐकण्यास तयार कान लागतो, क्ष-किरण यंत्रास वीज लागते, आणि ज्या वस्त्यांत मुले अधिक दगावत तेथे यातले काहीच नव्हते.

या कोंडीतून वाट निघाली ती पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील गोरोका या गावी. तेथे डॉ. फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकला झालेल्या मुलांचे श्वास मोजले आणि १९८४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : मिनिटाला पन्नासाहून अधिक श्वास हे न्यूमोनिया ओळखण्याचे विश्वसनीय गमक होय. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरविल्या. दोन महिन्यांच्या आतील बाळास ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावे आणि श्वास या आकड्याइतके वा त्याहून अधिक भरल्यास न्यूमोनिया समजून औषध द्यावे, असे ठरले.

आता प्रश्न होता मोजणार कोण? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने दिले, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथील अनेक सुईणी निरक्षर होत्या. साठपर्यंत मोजणे हीच अडचण. तेव्हा एक साधे श्वासमापक बनविण्यात आले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी व दुसरी मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. आमच्या दुकानातही लिहितावाचता न येणारे गडी मीटरपट्टीने कापड मोजत आणि मापात बोटभर चूक होत नसे. त्यामुळे या युक्तीचे मोल मला चटकन कळले.

१९८८ पासून ५८ गावांत लोकशिक्षण व गावातच औषधोपचार असा प्रयोग झाला. तुलनेसाठी ४४ गावे होती. आरोग्यसेवक, गावातील कार्यकर्ते व सुईणी यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे आकडे प्रसिद्ध झाले. मी हिशेबाचा माणूस. हा ताळेबंद मी दोनतीनदा वाचला आणि प्रत्येक वेळी १९६६ सालच त्यात दिसले.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. त्या काळी वापरलेल्या कोट्रायमोक्झाझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. न्यूमोकॉकल लस २०१७ साली आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली व २०२१ साली देशभर पोहोचली. श्वास मोजण्याची रीत मात्र टिकून आहे. अर्थात आकडा कमी भरला तरी छाती आत ओढली जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा निपचित पडले असेल, तर मोजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चौदा महिन्यांच्या नातवाला खोकला झाला. घरात धावपळ सुरू झाली. मूल झोपल्यावर मी त्याचा सदरा वर केला, मनगटी घड्याळ समोर धरले आणि मिनिटभर त्याचे पोट पाहत राहिलो. ३४ भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले; पुन्हा ३४. सकाळी डॉक्टरांनीही साधी सर्दी असल्याचे सांगितले.