गुंडाची गाथा आणि संग्राहक

मनिलाच्या तोंडो वस्तीतला गुंड असिओंग सालोंगा १९५१ मध्ये मारला गेला. १९६१ मध्ये जोसेफ एस्ट्राडा यांनी त्याला चित्रपटाचा नायक केले. अशा भूमिकांतून गरिबांचा कैवारी ठरलेला हा नट १९९८ मध्ये फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. २००१ मध्ये जनक्षोभाने त्याला पायउतारही केले. पडदा आणि सत्ता यांतले अंतर तिथे इतके थोडे होते.

त्या काळातल्या कित्येक चित्रपटांच्या प्रती दमट हवेने आणि अनास्थेने नष्ट झाल्या. काही केवळ झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटींवर उरल्या. त्या धुंडाळणाऱ्या संग्राहकाला छंदिष्ट म्हणून हसू नये. लोकांनी कायद्यापेक्षा पडद्यावरच्या पिस्तुलावर विश्वास का ठेवला, याची साक्ष त्याच कॅसेटींत आहे.