मिंगचा चेहरा

या उन्हाळ्यात बहीण आणि भाची न्यू जर्सीहून आल्या होत्या. भाची आता नववीत. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या कपाटातून 'फ्लॅश गॉर्डन'चं जाडजूड पुस्तक काढलं आणि दुपारभर गॅलरीत लोळत वाचलं. मी मनातून खूष! आपल्या वेडाला घरात एक तरी वारस मिळाला म्हणायचा. चहाच्या वेळेला तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मामा, यातला व्हिलन चायनीज का दिसतो? तो तर दुसऱ्या ग्रहावरचा आहे ना?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण याच पुस्तकाचं मी पूर्वी चांगलं लांबलचक परीक्षण लिहिलं होतं. रेषांबद्दल लिहिलं, रंगांबद्दल लिहिलं. मिंगच्या चेहऱ्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. जुन्या विज्ञान-चित्रकथांवर इतकी वर्षं लिहिणाऱ्या माणसाने याला नजरचूक म्हणून चालणार नाही. म्हणून आज जरा मागे जाऊन सगळं नीट बघू या.

सुरुवात बक रॉजर्सपासून. ऑगस्ट १९२८ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकन मासिकात फिलिप नोलान यांची एक दीर्घकथा आली. नायक खाणीतल्या वायूने बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो थेट पाचशे वर्षांनी. त्यावरून ७ जानेवारी १९२९ ला वर्तमानपत्रात रोजची चित्रपट्टी सुरू झाली. चित्रं डिक काल्किन्स यांची. रॉकेट, किरणांची पिस्तुलं, पाठीला पट्टा बांधून हवेत उड्या.. पोरं वेडी झाली. पण पाचशे वर्षांनंतरच्या या अमेरिकेवर राज्य कोणाचं? तर आशियातून आलेल्या आक्रमकांचं. चित्रपट्टीत ते 'मंगोल' आहेत.

ही पट्टी इतकी खपली की किंग फीचर्सने तिच्या तोडीस तोड म्हणून ७ जानेवारी १९३४ ला रविवारचं रंगीत 'फ्लॅश गॉर्डन' आणलं. चित्रकार अ‍ॅलेक्स रेमंड. एक अनोळखी ग्रह पृथ्वीच्या दिशेने सुसाट येतोय, डॉ. झारकोव्ह पिस्तुलाच्या धाकाने फ्लॅश आणि डेलला आपल्या रॉकेटमध्ये कोंबतो, आणि तिघं त्या ग्रहावर जाऊन आदळतात. ग्रहाचं नाव मोंगो. सम्राटाचं नाव मिंग! चीनच्या एका जुन्या राजघराण्याचंच नाव ते. लांब लोंबत्या मिशा, तिरके डोळे, पिवळट कातडी. या चेहऱ्याचा साचा रेमंडच्याही आधी तयार होता. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांतला डॉ. फू मांचू १९१३ पासून वाचकांना घाबरवत होता.

आता ही नुसती चित्रकारांची लहर होती का? नाही. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्याची बंदी करणारा कायदा १८८२ चा, तो उठला १९४३ मध्ये. म्हणजे फ्लॅश गॉर्डन सुरू झालं तेव्हा बंदी चालूच होती. आणि आपण त्यातून वेगळे होतो असं कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तुम्ही 'गोरे' नाही, तुम्हाला नागरिकत्व नाही. भारतीयांना ते दार उघडलं १९४६ मध्ये. माझी भाची जन्माने अमेरिकन. पण १९३४ च्या त्या रविवारी तिच्या आईबाबांना तिथलं नागरिकत्व मिळणं शक्यच नव्हतं. कागदोपत्री ती मंडळी मिंगच्या बाजूची!

मग मला लहानपणी हे का दिसलं नाही? आम्हाला फ्लॅश भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्सवाल्या बेनेट कोलमनने ते मार्च १९६४ ला सुरू केलं, १९९० पर्यंत चाललं. आम्हाला विकत कोण घेऊन देणार? दादा आणि मी लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणायचो आणि एकाच खाटेवर पालथे पडून वाचायचो. खेळताना फ्लॅश कोण यावरून मारामारी व्हायची. (दादा, तू वाचत असशीलच. तूच जास्त वेळा झालास!) परग्रहावरचं कोणी व्हायला दोघंही तयार नसायचो. सांगलीतली दोन सावळी पोरं, पण कल्पनेत सोनेरी केसांची. खटकण्यासाठी आधी आपण कोण हे आठवावं लागतं, आणि ते विसरायलाच तर आम्ही कॉमिक्स वाचत होतो.

पुढे मिंगचा चेहरा बदलत गेला. १९८६ च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या कार्टूनमध्ये तो हिरवा झाला, २००७ च्या मालिकेत चक्क गोरा. कोणाला तरी लाज वाटली असणार. पण जुनी पानं आहेत तशीच आहेत. त्यांचं काय करायचं?

इथे मला रे ब्रॅडबरी आठवतात. नऊ वर्षांचे असताना ते बक रॉजर्सची रोजची पट्टी कापून जपून ठेवायचे. वर्गातली मुलं हसली म्हणून त्यांनी सगळी कात्रणं फाडून टाकली. मग रडू आलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवायला घेतलं. मोठेपणी ते हा प्रसंग अनेकदा सांगत, आणि तेव्हा माघारी वळलो म्हणूनच लेखक झालो असंही.

मलाही फाडायचं नाहीये. रेमंडच्या ब्रशला आजही तोड नाही. त्याच्या रेषेवर मी लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. पण तो अर्धाच होता. ज्या हाताने ती देखणी जंगलं काढली, त्याच हाताने तो चेहराही काढला, आणि परीक्षण लिहायचं तर दोन्ही लिहायला हवं. एकाने दुसरं खोडलं जात नाही. गेल्या आठवड्यात मी ते जुनं परीक्षण काढलं आणि त्यात मिंगवर दोन परिच्छेद जोडले. आधीचं काही काढलं नाही.

भाचीला ते फोनवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओके मामा. पण पुढे काय होतं? दुसरा भाग आहे का तुझ्याकडे?"

आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय.