बिबट्या, कोल्ह्यापासून घरचं मांजर कसं सांभाळायचं? वाचा सोपे उपाय

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता नवा राहिलेला नाही. अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. मांजरंही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. मांजर गेलं की घरात उंदीर वाढतात हा एक तोटा. पण खरा धोका वेगळा आहे. कुत्र्या-मांजराच्या मागावर आलेला बिबट्या थेट आपल्या ओट्यापर्यंत येतो.

कोणापासून धोका?

बिबट्या मोठं मांजरही उचलतो. तो झाडावर सहज चढतो, त्यामुळे झाडावर गेलेलं मांजर वाचेलच असं नाही. कोल्हा, मुंगूस, रानमांजर आणि मोठं घुबड यांच्यापासून जास्त धोका पिल्लांना असतो. गावातली मोकाट कुत्रीही मांजरं मारतात.

काय करावं?

• मांजर आणि बिबट्या दोघंही संध्याकाळी आणि पहाटे जास्त फिरतात. म्हणून दिवेलागणीच्या आत मांजराला घरात घ्या आणि उजाडल्यावरच सोडा.
• दूध-भाकरी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरातच द्या. चार दिवसांत मांजर आपोआप त्या वेळेला घरी यायला लागतं.
• व्यायलेली मांजरी आणि पिल्लं गोठ्यात, पाचटात किंवा सरपणाच्या ढिगात ठेवू नका. घरात खोक्यात गोधडी टाकून जागा करा.
• बाहेर ठेवायचंच असेल तर वरूनही बंद असलेला जाड जाळीचा पिंजरा करा. कोंबड्यांची पातळ जाळी बिबट्यापुढे टिकत नाही.
• घराभोवतीचं गवत काढा, अंगणात रात्री दिवा ठेवा. उष्टं-खरकटं, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका.
• बोक्याची नसबंदी केली तर त्याचं रात्रीचं भटकणं कमी होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

ऊसतोडीच्या काळात जास्त जपा. फड मोकळा झाला की बिबट्या दुसरा आडोसा शोधत फिरतो.

हे करू नका

रात्री मांजर ओरडलं म्हणून एकट्याने बाहेर पळू नका, लहान मुलांना तर अजिबात पाठवू नका. विष, फासे, विजेची तार लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे. शिवाय विषाने आपलीच जनावरं मरतात आणि तारेने माणूसही दगावतो.

मांजर जखमी झालं तर

जंगली प्राणी किंवा कुत्रा चावला असेल तर रेबीजचा धोका असतो. जखमी मांजर उघड्या हाताने धरू नका, पोत्यात गुंडाळून डॉक्टरकडे न्या. ते तुम्हाला चावलं, ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. मांजरालाही रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या.

बिबट्या दिसला तर वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा आणि शेजारच्या वस्तीलाही कळवा.