टोलेडोची भाषांतरपरंपरा

अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये व पुढे कॅस्टिलियन भाषेत आणणारी मध्ययुगीन स्पेनमधील परंपरा. कॅस्टीलचा राजा सहावा आल्फॉन्सो याने १०८५ मध्ये टोलेडो मुसलमानांकडून जिंकून घेतले. तथापि तेथील अरबी ग्रंथसंपदा व अरबी जाणणारे ज्यू आणि ख्रिस्ती रहिवासी टिकून राहिले. भाषांतराची पद्धत लक्षणीय होती. इब्न सीनाच्या आत्मविषयक ग्रंथाचा अनुवाद करताना आव्हेंदाउथ हा ज्यू विद्वान अरबी मजकूर शब्दशः लोकभाषेत सांगे व गुंडिसाल्व्ही हा ख्रिस्ती धर्माधिकारी तो लॅटिनमध्ये उतरवी. मुस्लिम तत्त्वज्ञाचा विचार अशा रीतीने ज्यूच्या मुखातून ख्रिस्ती विद्याकेंद्रांत पोहोचला. क्रेमोनाचा जेरार्ड (सु. १११४–८७) याने टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्ये आणला, तोही गालिब या अरबीभाषी ख्रिश्चनाच्या साहाय्याने. दहाव्या आल्फॉन्सोच्या कारकीर्दीत (१२५२–८४) ज्यू ज्योतिर्विदांनी ग्रहगणिताची कोष्टके रचली.

यास धर्मसमन्वय म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. मूळ प्रेरणा ज्ञानाच्या निकडीची होती. स्पेनमध्येच ११४३ मध्ये पूर्ण झालेले कुराणाचे लॅटिन भाषांतर तर खंडनासाठी करविलेले होते. १३९१ मध्ये टोलेडोतील ज्यू वस्तीवर हल्ले झाले आणि १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. जेरार्डने भाषांतरित केलेला इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ त्यानंतरही सतराव्या शतकापर्यंत यूरोपीय विद्यापीठांत शिकविला जात होता.